आईचं लुगडं आणि शेवटची म्हैस

दापोली,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाळ्या,

बाराव्याच्या गडबडीत तुझा फोन आला, धड बोलता आलं नाही. राग धरू नकोस. आज सगळे पाहुणे पांगले. घरात मी, आणि गोठ्यात म्हैस.

आधी म्हशीचंच सांगतो. आई गेली त्या संध्याकाळी ती पान्हाच सोडेना. शेजारच्या वहिनींनी कासेला पाणी मारलं, पारडू लावलं, पुढ्यात भरडा ठेवला. हिने लाथ झाडून चरवी उलथवली. दुसऱ्या दिवशी तीच तऱ्हा. कास दगडासारखी झाली. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला येतं ना काढता? मग काकूंचं लुगडं गुंडाळा नि बसा." तर मेल्या, पोटभर हसून घे. तीस वर्षं मुंबईत खुर्चीवर बसलेला तुझा मित्र आईचं हिरवं लुगडं पांघरून म्हशीखाली उकिडवा बसला. तिने मान वळवून दोनदा हुंगलं आणि सोडलं दूध. पदराला पेंडीचा, शेणाचा आणि मिश्रीचा वास होता. आई बसायची तसा मी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून बसलो. तसं बसलं की माणूस रडतंय की धार काढतंय, मागून कळत नाही. आई तशी का बसायची, हे एवढ्या वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाराव्याला एकजण चार शब्द बोलायला उभे राहिले. "आप्पांनी दुधाचा धंदा उभा केला, वहिनींनी मोलाची साथ दिली." वहिनी म्हणजे आई. मी मान खाली घालून ऐकलं, पण तुला म्हणून सांगतो, अंगाची लाही झाली. साथ? सोसायटीच्या पुस्तकावर नाव आप्पांचं, कर्जाच्या कागदावर सही आप्पांची, एवढं खरं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि दिवाळीपर्यंत आप्पा ट्रंक घेऊन घरी आले, तोवर आईच्या गोठ्यात तीन गावठी गाई होत्याच. आप्पांना साच्यावरचा तुटलेला धागा डोळे मिटून जोडता यायचा, पण म्हशीजवळ कुठल्या अंगाने जावं ते ठाऊक नव्हतं. बिचारे शिकले नंतर. किटल्या घासायचे, सायकलवरून सोसायटीत दूध घालायचे, फॅट कमी लागली तर भांडून यायचे. माणूस वाईट नव्हता रे. फक्त धंदा त्यांचा नव्हता.

पहिली म्हैस सरकारी योजनेतल्या कर्जावर आली, घाटावरची, थोराड. तिच्या कानात विम्याचा बिल्ला होता. पुढच्याच पावसात सकाळी तिचा गळा सुजला आणि दिवेलागणीला ती आडवी झाली. घटसर्प. मिरगाआधी टोचायची लस त्या साली आमच्या वाडीपर्यंत आलीच नाही. आणि बिल्ला? तो चरताना करवंदीच्या जाळीत कुठेतरी तुटून पडलेला. बिल्ला नाही तर विमा नाही. आई इरलं घेऊन दोन दिवस भर पावसात त्या जाळ्या धुंडाळत होती. मी अकरा वर्षांचा, तिच्या मागे. हातांवर काट्यांचे ओरखडे, पायाला जळवा. नाहीच सापडला. विमावाल्यांनी हात वर केले आणि मेलेल्या म्हशीचे हप्ते आईने चार वर्षं गाईंच्या दुधावर फेडले.

गाई त्या केवढ्याशा! दिवसाला दोन-अडीच लिटरच्या वर जायच्या नाहीत, पण मुसळधार पावसात कातळाचा सडा चढायच्या आणि आजारी म्हणून पडायच्या नाहीत. त्यांनाच २०१८ साली 'कोकण कपिला' म्हणून जातीची सरकारी नोंद मिळाली. मी कौतुकाने फोन केला तर आई म्हणाली, "नाव मिळालं म्हणून पेंड स्वस्त झाली काय?"

पहाटे साडेचारला गोठ्यात कंदील, सहाला रतिबाची किटली घेऊन पाखाडी उतरायची. माप भरलं की वर एक धार जास्त. तुमच्याकडे पावशेर यायचं आठवतं ना? परीक्षेच्या दिवसांत तुझ्या आईच्या भांड्यात जरा जास्तच पडायचं आणि पैसे तेवढेच. आमच्या घरी मात्र चहा कोरा. दुधावरची साय मी पहिल्यांदा तुमच्याकडे खाल्ली, हे तुला सांगितलं नव्हतं.

दोन वेळची धार म्हणजे पायात दावंच. माझ्या लग्नाला दादरला आली ती रात्रीच्या एसटीने, आणि अक्षता पडल्यावर जेवून दुपारच्या गाडीत बसली. बायकोच्या माहेरच्यांना वाटलं, सासूबाई रागावल्या. काय सांगणार? म्हैस वाट बघतेय म्हणून?

३ जून २०२० चं निसर्ग वादळ. टाळेबंदीमुळे मी ठाण्यात अडकलेला, फोन बंद. मागाहून कळलं ते असं: वारा फिरल्याबरोबर आईने पहिल्यांदा सगळ्यांची दावी सोडली. घराची कौलं उडत असताना ही म्हातारी गोठ्यात! पावसाळ्यासाठी रचलेली गवताची उडवी तिच्या डोळ्यांदेखत उधळली, गोठ्याचं छप्पर खाली बसलं. बांधलेली असती तर चारही गेली असती. दुसऱ्या दिवशी एकेक करून परत आली, चिखलाने माखलेली, आणि ही लगेच धार काढायला बसली. वीज कित्येक दिवस नव्हती, सोसायटीची गाडी येईना, म्हणून दूध वाडीत वाटून टाकलं.

परवा माळ्यावर जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीने बांधलेली. शाळा तिची तिसरीपर्यंत. पण म्हैस कधी फळली, तिथून दहा महिने दहा दिवस मोजून कधी व्यायची, रोजचं सकाळ-सांजचं दूध, कुणाचं येणं, सगळं त्यात. मी बारावी होऊन मुंबईला निघालो तो १९८९ चा जून काढून बघितला. सकाळ साडेचार लिटर. सांज दोन. दुसऱ्या दिवशीही दोनच. धार काढणाऱ्याचं मन थाऱ्यावर नसलं की जनावर दूध चोरतं, असं तीच सांगायची. स्टँडवर मात्र म्हणाली होती, "पोचलास की कार्ड टाक, आता जाते, वैरण टाकायची आहे." उगाच काही काढत बसत नाही, तेव्हा म्हैस आटायलाही आली असेल. पुढची पानं अजून बघितली नाहीत.

म्हैस वहिनींना द्यायची ठरली आहे, लुगड्यासकट. त्यांच्या हाताची सवय होईपर्यंत मी इथेच. रजा वाढवून घेतली. सध्या सकाळी तीन लिटर निघतं, संध्याकाळी अडीच. कालनिर्णयावर लिहून ठेवतो. शिमग्याला येणार असशील तर आधी कळव. चहा दुधाचा मिळेल. आणि येताना गुडघ्याला लावायचं ते तुझं तेल आण, उकिडवं बसून पार वाट लागली आहे.

तुझा,
नान्या