मिनेवांका सरोवरावरील काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

आपल्याला मराठी वाचता येत नाही. कॅल्गरीतील माझी एक मैत्रीण हे पत्र आपल्याला इंग्रजीत समजावून सांगणार आहे. तरीही ते मराठीतच लिहीत आहे, कारण माझ्याप्रमाणेच तारकर्लीच्या उबदार पाण्यात डायव्हिंग शिकून पुढे थंड देशांत स्थायिक झालेल्यांनी आपल्याविषयी वाचावे, अशी माझी इच्छा आहे. आपल्या विनंतीनुसार आपले नाव मात्र लिहीत नाही.

1941 च्या धरणामुळे कॅनडातील मिनेवांका सरोवराचे पाणी सुमारे 30 मीटर चढले आणि काठचे गाव बुडाले. त्याचे अवशेष पाहण्यासाठी डायव्हर तेथे येतात. हिवाळ्यात मात्र त्यांच्या डोक्यावर बर्फाचे छत असते आणि त्या छताला आपण कापाल तेवढे एकच दार असते. ते दार कसे असू नये, हे मी आधीच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका सरोवरावर अनुभवले होते. तेथील मंडळींनी भरपूर पैसे घेऊन माणूस जेमतेम मावेल एवढा चौकोन कापला होता आणि बर्फाचे तुकडे त्यातच तरंगत ठेवले होते. मी वर आले तेव्हा मला बांधलेला सुरक्षेचा दोर धरणाऱ्या गृहस्थांच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता. कोपर टेकवायलाही जागा नसल्यामुळे मला काखेत धरून ओढून काढावे लागले. तक्रार केली, तर ‘बर्फात असेच असते’ असे ऐकवण्यात आले. बर्फात असे नसते, हे आपण दाखवून दिलेत.

आपण प्रत्येक बाजू सुमारे दोन मीटर ठेवून त्रिकोण कापलात, कारण त्याच्या कोपऱ्यात दोन्ही कडांवर हात रोवून दमलेला माणूसही स्वतःला उचलू शकतो. चेनसॉच्या, म्हणजे साखळी-करवतीच्या, पात्याला आपण खाद्यतेल घातले होते, जेणेकरून पाण्यात खनिज तेल उतरू नये. हे सारे कौशल्याचे झाले आणि कौशल्य इतरांकडेही असेल. मला विसरता येत नाही ती त्यानंतरची गोष्ट. सगळे तयार असताना आपण गुडघ्यांवर बसलात, हातमोजा काढलात आणि त्या बोचऱ्या वाऱ्यात उघडा तळवा तिन्ही कडांवरून सावकाश फिरवलात. एके ठिकाणी बोट अडखळले, तेव्हा तेथील टोक छिन्नीने तासून काढलेत आणि पुन्हा हात फिरवून पाहिलात. तेथे माझा दोर घासला असता किंवा वर येताना ड्रायसूट, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख, फाटला असता. आपण याविषयी एक शब्दही बोलला नाहीत. मीही तेव्हा काही बोलू शकले नाही, कारण घसा दाटून आला होता. पाण्यात उतरण्याआधीच माझ्या परतण्याचा विचार कोणीतरी इतक्या बारकाईने केला आहे, हे पाहून माझी भीती निम्मी झाली.

उरलेली भीती खाली गेल्यावर गेली. आपण भोवतालचा हिम फावड्याने सरळ पट्ट्यांत बाजूला सारला होता; त्या उघड्या बर्फातून येणारा उजेड प्रकाशरेषांसारखा दिसत होता आणि कोणत्याही रेषेमागे गेले तरी वाट आपल्या त्रिकोणाकडेच नेत होती. दोराला दिलेल्या प्रत्येक झटक्याला आपले उत्तर तत्काळ येत होते.

सज्जनपणा म्हणजे गोड बोलणे, असा आमच्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे. आपण दिवसभरात फार तर दहा वाक्ये बोलला असाल आणि तीही बहुतेक दोर, तो ज्याला बांधतात तो अंगावरचा पट्टा (हार्नेस) आणि श्वास घेण्याचे उपकरण (रेग्युलेटर) यांच्याविषयीच. पण संध्याकाळी सर्वांना गाडीतील ऊब हवी असताना आपण कापलेला ठोकळा जागेवर बसवून त्याभोवती काठ्या रोवत होता, कारण दुसऱ्या दिवशी तेथून कोणी स्केटिंग करत जाऊ शकले असते. त्या अनोळखी माणसाच्या वतीनेही आपले आभार मानते.

येत्या हिवाळ्यात मी पुन्हा येणार आहे. डायव्हिंग नंतर करेन. आधी फावडे माझ्या हाती द्यावे आणि कड तपासायला शिकवावे, एवढी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
कॅल्गरीतील एक मराठी डायव्हर