वाडीचे पैसे

वसई

चि. बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद.

वाडीच्या रस्त्याकडच्या तुकड्याच्या विक्रीचा व्यवहार पुरा झाला आणि रक्कम बँकेत आली. फोनवर तू म्हणालास, "आई, आता पुढच्या पिढ्यांची ददात मिटली." मी गप्प राहिले, कारण याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते.

पैसा वाईट असे मी कधीच म्हणणार नाही. केळी आणि पाने विकून आलेल्या पैशानेच तुझे शिक्षण झाले. पण तो पुरेल, टिकेल, आपल्याला राखेल असे धरून चालणे मला घातक वाटते. आपल्याकडे जमिनीला भाव आला तेव्हापासून मी पाहते आहे. बावखले, म्हणजे वाड्यांतली पाण्याची तळी, बुजली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. बंगला, गाडी, लग्नाचा थाट यांत काहींचे पैसे बघता बघता गेले. ते गेल्याचे मला तितके वाईट वाटत नाही. सख्खे भाऊ सणालाही एकमेकांच्या ओटीवर चढेनासे झाले, याचे वाटते.

किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चमधले थडग्यांचे दगड आठवतात ना? पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची चिन्हे कोरलेले? १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या मातबर घराण्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? त्याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया व्यापारात चांगला स्थिरावला होता. तो जम बसलेला व्यापार सोडून तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मेला. त्याचा सण आपण अजून करतो. तू सगळे सोडावेस असे माझे म्हणणे नाही, प्रत्येकाचे पाचारण वेगळे असते. पण कमावलेले सोडता येते, हे आपल्याच गावच्या माणसाने दाखवले आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय पुन्हा वाच. मोठी कोठारे बांधायला निघालेल्या धनवानाचा दाखला आपण खूपदा ऐकतो, पण येशूने तो कशावरून सांगितला ते सुटून जाते. गर्दीतला एक जण म्हणाला होता, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. म्हणजे बोलणे वाटणीवरूनच सुरू झाले! त्या धनवानाने चोरी केली नव्हती, जमीनच भरभरून पिकली होती. पण त्याचे सगळे बोलणे स्वतःशीच. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. शेजारी नाही, बहीण नाही, मजूर नाही. आणि देव त्याला विचारतो, आज रात्री तुझा जीव मागितला, तर हे साठवलेले कोणाचे होणार?

हा प्रश्न मला आपल्या घरातच ऐकू येतो आहे. आजोबा गेल्यावर तुझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. तिला कोणी काही दिले नाही, तिनेही मागितले नाही. पप्पांच्या आजारपणात मात्र रात्री तीच बसली. कायद्याने आता तिचा वाटा उरत नाही, हे वकिलांनी मला सांगितले आहे. आपण वकिलांना विचारून चर्चमध्ये मिस्सेला जात नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाने शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या पायाशी ठेवली. माझे मागणे त्याहून फार लहान आहे. मुदत ठेवीचे फॉर्म भरण्याआधी आत्याचा वाटा वेगळा काढायचा, पप्पांच्या बरोबरीचा. उरलेल्यातला दहावा हिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या, गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला, नाव न लावता. बाकीचे तुझे आणि तुझ्या बहिणीचे, अर्धे अर्धे. तिच्याकडून कुठल्याही कागदावर सही घ्यायची नाही.

रविवारी मिस्सेनंतर आत्या घरी असते. फोन तू कर, मी नाही करणार. तिने नको म्हटले तरी ऐकू नकोस.

तुझी आई