भाडं मोठ्यांचं, नियम लहानांचे : क्रूझ सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मुंबई–गोवा–मुंबई कौटुंबिक क्रूझ सहलीत दिलेला शब्द न पाळल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या प्रतिनिधींनी टिळकवाडीत भरवलेल्या माहिती मेळाव्यात आम्ही ही सहल नोंदवली. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, वय 19. मुलगी सेकंड पीयूसीची (म्हणजे बारावीची) परीक्षा देऊन मोकळी झालेली, वय 17. दोघांची वयं फॉर्मवर आहेत, आधार कार्डांच्या प्रतीही दिल्या होत्या. बेळगावचा माणूस चोर्ला घाट उतरून काही तासांत गोव्यात पोहोचतो. आम्ही मात्र गोव्याला जायला आधी मुंबई गाठली, त्यावर पाहुण्यांनी यथेच्छ टिंगल केली. पण मुलं शिक्षणासाठी पांगण्याआधी चौघांनी एकदा निवांत एकत्र राहावं, अशी इच्छा होती आणि ती आम्ही प्रतिनिधींना सांगितली होती.

त्यावरच त्यांनी ‘मधे दार असलेल्या शेजारशेजारच्या दोन केबिन’ सुचवल्या. एकीत आम्ही नवरा-बायको, दुसरीत मुलं. त्याची जादा रक्कम पावतीवर वेगळी दाखवलेली आहे. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर कार्डं हातात पडली तेव्हा कळलं की केबिन वेगवेगळ्या डेकवर आहेत. शिवाय प्रत्येक केबिनमध्ये 21 वर्षांवरचं कुणीतरी हवंच, हा नियम. मग मुलांना स्वतंत्र केबिन देतो म्हणून पैसे कसे घेतले? शेवटी मी आणि मुलगा खाली, मायलेकी वर. सुरक्षा सरावाची जमण्याची ठिकाणंही केबिनप्रमाणे ठरलेली, त्यामुळे तिथेही ताटातूट. सराव बोट सुटण्याआधी शिस्तीत घेतला गेला, हे मान्य. पण खरंच वेळ आली असती तर अर्धं कुटुंब एका लाइफबोटीत आणि अर्धं दुसरीत. काउंटरवर उत्तर एकच : बोट फुल्ल आहे.

माझी मुख्य तक्रार मात्र पुढे आहे. आपल्या दरपत्रकात 12 वर्षांवरचा प्रवासी प्रौढ. म्हणून दोन्ही मुलांचं भाडं पूर्ण घेतलं, सेवाशुल्कही माणशी तेवढंच. बोटीवर गेल्यावर काय? मुलांच्या क्लबात 12 वर्षांपर्यंतच प्रवेश, मुलीला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळचा संगीताचा कार्यक्रम बारच्या हॉलमध्ये, तिथे 21 वर्षांखालच्यांना मज्जाव. म्हणजे मुलगाही बाहेर. दारू आणि कॅसिनोच्या जागी वयाची अट हवीच, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण गाण्याचा कार्यक्रम बारमध्येच ठेवायचं कुणी ठरवलं? माहितीपत्रकात ‘तरुणाईसाठी धमाल कार्यक्रम’ असं ठळक छापलं आहे. बारा ते एकवीस या वयाच्या मुलांसाठी त्यातला एकही कार्यक्रम आम्हाला सापडला नाही. दोघं डेकवर पत्ते खेळत बसली. पत्त्यांचा जोडही आमच्या घरचा.

जेवणाला नावं ठेवणार नाही. वायफायचे पैसे प्रत्येक मोबाइलमागे वेगळे पडतील हे आधी सांगायला हवं होतं. बोट गोव्यात मुरगाव बंदराला लागल्यावर ‘गोवा दर्शन’ची बस आम्ही घेतली नाही, पणजी-म्हापसा आम्हाला पाठ आहे.

माझी मागणी अशी : शेजारच्या केबिनसाठी घेतलेली जादा रक्कम पूर्ण परत करावी. दोन्ही मुलांच्या प्रौढ आणि बाल भाड्यातला फरकही परत मिळावा. पावती, माहितीपत्रक आणि केबिन कार्डांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपल्या अटींमध्ये वाद फक्त मुंबईत चालेल असं छापलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या हेल्पलाइनवर नोंद करून मी बेळगावच्या आयोगाकडे जाईन. ‘पुढच्या सहलीत सवलत’ देणारं कूपन कृपया पाठवू नये.

आपला,
(सही)
टिळकवाडी, बेळगाव