घरच्या माणसांना चौकटीबाहेर काढू नका

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीच्या जपान विशेषांकासाठी आपण वाचकांकडून छायाचित्रे मागवली आहेत. अटींमध्ये एक अट अशी, की छायाचित्र स्थळाचेच असावे, स्वतःचे किंवा कुटुंबीयांचे फोटो विचारात घेतले जाणार नाहीत. मी टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला राहते. नोकरी हिशेबाची, फोटोंचा नाद हौसेचा. ही अट वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे.

अटीमागचा वैताग कळतो. देवळापुढे ओळीने उभे राहून दोन बोटे वर केलेली मंडळी आपल्या टेबलावर ढिगाने येत असणार. पण माणसे वगळल्यावर काय येईल, तेही सांगते. क्योटोच्या फुशिमी इनारी देवस्थानाचा लाल तोरणांचा बोगदा येईल, भल्या पहाटे जाऊन रिकामा गाठलेला. फुजियोशिदाचा चुरेइतो पॅगोडा येईल, मागे फुजी पर्वत आणि कडेला चेरीचा बहर. त्या पॅगोड्यापर्यंत ३९८ पायऱ्या आहेत. वर सज्जावर रांग लागते आणि पुढच्याने जिथे पाय रोवले तिथेच मागचा रोवतो. तो फोटो माझ्याकडेही आहे. छान आला आहे. फक्त तो मीच काढला आहे हे मला फाइलच्या नावावरून कळते.

स्थळाला नुसता पडदा करून टाकला की पुढे काय होते, हे फुजिकावागुचिको गावाने २०२४ मध्ये पाहिले. तिथल्या एका लॉसन दुकानाच्या छपरावर फुजी बसल्यासारखा दिसतो. त्या एका चौकटीसाठी लोक भर रस्त्यात उभे राहू लागले, कचरा करू लागले, समोरच्या दंतवैद्याच्या आवारात घुसू लागले. शेवटी मे महिन्यात गावाने अडीच मीटर उंच आणि २० मीटर लांब काळी जाळी उभारून फुजीच झाकला. ऑगस्टमध्ये ती उतरवली, पण गावाने पाहुण्यांपासून आपला डोंगर लपवावा याहून वाईट काय असणार?

आता माझ्याकडचा फुजी सांगते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा क्योटोला जाताना शिन्कान्सेन या वेगवान गाडीत मी मुद्दाम 'ई' रांगेची जागा घेतली. टोकियोहून निघाले की फुजी उजव्या हाताला, त्याच खिडकीत येतो, साधारण पाऊण तासाने, शिन-फुजी स्थानकाच्या आसपास. जाणकार सांगतात की लेन्स काचेला टेकवावी, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचे प्रतिबिंब येत नाही, आणि शटरचा वेग सेकंदाच्या हजारांशाहून जलद ठेवावा. पण काचेशी सासूबाई होत्या आणि नेमका फुजी आला तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या. अंगावर माझे जॅकेट, तोंड किंचित उघडे, पुढच्या फळीवर अर्धा संपवलेला बेन्तो, म्हणजे जेवणाचा डबा, आणि भातावरचे उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ तेवढे वेचून झाकणात काढून ठेवलेले. त्यांच्या अंबाड्यामागे फुजी, आणि फुजीपुढे फुजी शहरातल्या कागद गिरण्यांची धुरांडी. ही धुरांडी पर्यटनाच्या फोटोंत सहसा कापलेली असतात. माझ्या फोटोत ती आहेत, विजेच्या ताराही आहेत. आपल्या अटीनुसार हा फोटो बाद.

आमच्याच मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्याकडे काळ्या पानांचे जुने अल्बम आहेत, पानांवर पांढऱ्या पेन्सिलीने टिपणे. एका पानावर 'शोवा ४१, आतामी' असे आहे, म्हणजे जपानी कालगणनेने १९६६ साल आणि आतामी हे समुद्रकाठचे सहलीचे गाव. त्यांच्या यजमानांकडे ऑलिंपस पेन हा कॅमेरा होता. तो १९५९ मध्ये ६,००० येनांना निघाला आणि फिल्मची नेहमीची चौकट निम्मी करून ३६च्या रोलवर ७२ फोटो काढायचा. फिल्म महाग होती, पगार बेताचा, म्हणून घरोघरच्या बापांना तो परवडला. गंमत अशी की हा कॅमेरा सरळ धरला तर फोटो उभा येतो. म्हणून आजींच्या अल्बममधली ती वर्षे सगळी उभी आहेत, समुद्रसुद्धा. आतामीच्या गाडीतल्या फोटोत दोन मुले आसनावर गुडघे टेकून खिडकीबाहेर बघताहेत. चेहरे दिसतच नाहीत. दिसतात ते पांढऱ्या मोज्यांतले चार तळवे आणि आसनाखाली टाचेला टाच लावून ठेवलेले बुटांचे दोन जोड. खिडकीच्या फळीवर जाळीच्या पिशवीत मिकान संत्री. त्या काळी जपानी कुटुंब सहलीला कसे निघायचे हे मला या एका फोटोने जेवढे कळले, तेवढे कुठल्याही मार्गदर्शिकेने सांगितले नाही.

अल्बमची पाने उलटताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. सुरुवातीची बरीच वर्षे सगळे घराबाहेर आहेत, उन्हात डोळे बारीक करून. मग एकाएकी घर उघडते: कोतात्सूत, म्हणजे पांघरूण घातलेल्या उबदार बैठ्या टेबलाखाली, पाय घालून बसलेले आजोबा, वाढदिवसाचा केक, नातवंडांचे लाल डोळे. यामागे कॅमेराच आहे. १९७५ मध्ये कोनिका कंपनीने आत फ्लॅश बसवलेला सी-३५ ईएफ हा कॅमेरा काढला आणि हौशी माणसाला घरातल्या अंधाराची भीती राहिली नाही. पुढच्या पानांत कोपऱ्यात नारिंगी आकड्यांची तारीख उगवते. शेवटी यजमान गेले, तेव्हा अंत्यविधीसाठीचा त्यांचा फोटो नातवाच्या शाळेतल्या क्रीडादिनाच्या फोटोतून काढला. अंत्यविधीवाल्यांनी मागचे मैदान पुसले आणि टी-शर्टच्या जागी काळा सूट चढवला. हसू मात्र धावण्याच्या शर्यतीचेच आहे. जपानमध्ये असे सर्रास करतात, आणि मला ते आवडते.

कौटुंबिक फोटो म्हणजे कलेत कमी, असे वाटत असेल तर तोत्तोरीचे छायाचित्रकार शोजी उएदा यांचे काम बघावे. त्यांनी आयुष्यभर आपल्याच भागात राहून फोटो स्टुडिओ चालवला, स्वतःला हौशीच म्हणवून घेतले आणि बायकोमुलांना वाळूच्या टेकड्यांवर उभे करून जी छायाचित्रे घेतली ती आज संग्रहालयात आहेत. आणि किंमत कळायची असेल तर ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतरचे आठवावे. ढिगारे उपसताना सैनिक आणि स्वयंसेवक फोटो बाजूला काढून ठेवत होते. फुजीफिल्मने ते वाचवण्याची मोहीमच चालवली. चिखलातले जीवाणू फोटोवरचा जिलेटिनचा थर खातात, कडेपासून रंग विरघळत आत सरकतो, म्हणून घाई होती. लोकांनी पाण्यात एकेक फोटो हलक्या हाताने धुतला, दोरीला चिमट्याने लावून वाळवला आणि सभागृहांत मांडून ठेवला. घर गमावलेली माणसे तिथे रांगेने येऊन शोधत होती ती लग्ने, बारशाची बाळे, शाळेचा पहिला दिवस. पॅगोडे कोणी शोधत नव्हते.

आपण म्हणाल, माणसांच्या चेहऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे. आहेच, आणि जपानमध्ये जास्तच. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच तत्त्व मान्य केले, की संमतीवाचून आणि विनाकारण आपल्या चेहऱ्याचा फोटो काढला जाऊ नये हे माणसाचे स्वातंत्र्य आहे. इथे विकले जाणारे बहुतेक फोन आवाज बंद ठेवला तरी फोटो काढताना 'खट्' करतातच. क्योटोच्या गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीत खासगी गल्ल्यांत बिनपरवानगी फोटो काढल्यास १०,००० येन दंड, अशा पाट्या आहेत. अनेक शाळा क्रीडादिनाला पालकांना बजावतात की दुसऱ्याचे मूल दिसणारा फोटो कुठे टाकू नका. म्हणूनच माझे म्हणणे, की आपली अट उलटी आहे. किमोनोतल्या अनोळखी मुलीचा पाठलाग करून टिपलेला फोटो आपल्या अटीत बसेल. सासूबाईंचा बसणार नाही, ज्यांना मी विचारू शकते.

तेव्हा विनंती अशी. बंदी घालायचीच तर बिनपरवानगी चेहऱ्यांवर घाला आणि घरच्यांना येऊ द्या. प्रत्येक फोटोबरोबर संबंधितांची संमती आणि चार ओळींची हकिकत मागवा. दोन बोटांचे फोटो तरीही येतील, ते खुशाल टाकून द्या.

सोबत दोन फोटो पाठवत आहे, सासूबाईंचा आणि आतामीच्या गाडीतला. दुसऱ्यासाठी आजींची सहीनिशी परवानगी आहे, मराठी भाषांतर मागे लिहिले आहे. सासूबाईंची परवानगी तोंडी आहे. लेखी हवी असल्यास त्या स्वतः आपल्या कचेरीत येऊन देतील म्हणतात, मात्र जपानच्या गोष्टी सुरू झाल्यावर आपला किती वेळ जाईल याची जबाबदारी माझी नाही.

आपली,
एक हौशी छायाचित्रकार
निशी-कासाई, टोकियो