‘पीएच.डी.नंतर काय?’ हा प्रश्न उशिराचा

महोदय,

पदवीदानाचा मोसम आला की मानव्यविद्यांतील पीएच.डी. म्हणजे बेकारीचा दाखला, असा सूर हमखास निघतो. प्राध्यापकीच्या कायम जागा थोड्या आणि उमेदवार भरमसाट, हे खरेच आहे. पण इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विषयांत डॉक्टरेट मिळवणाऱ्यांची बरीचशी कुचंबणा तारखांचा हिशेब न ठेवल्यामुळेही होते. त्याबद्दल बहुतेक मार्गदर्शक अवाक्षर काढत नाहीत.

पदवी हाती पडते त्या दिवसापासून मुदत मोजायला सुरुवात होते. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानची पोस्ट-डॉक (म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची) शिष्यवृत्ती पीएच.डी. झाल्यापासून चार वर्षांच्या आतच मागता येते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेत ही मर्यादा आठ वर्षांची आहे. अर्ज मात्र जिथे संशोधन करायचे त्या यजमान संस्थेबरोबर मिळून करावा लागतो. मुख्य आराखडा दहा पानांत बसवायचा असतो आणि साधारण सप्टेंबरात भरलेल्या अर्जाचा निकाल फेब्रुवारीत लागतो. तिकडचा मार्गदर्शक शोधून त्याचा होकार मिळवण्यातच काही महिने जातात. म्हणजे मौखिक परीक्षेनंतर शोधाशोध सुरू केली, तर वर्ष-दीड वर्ष नुसते वाट पाहण्यात गेलेच. प्रबंध सादर केल्यापासून मौखिक परीक्षा होईपर्यंतचा जो काळ ‘आता जरा विश्रांती’ म्हणून जातो, तोच खरा या कामाचा.

पोस्ट-डॉक मिळाली म्हणजे नोकरी लागली असे मात्र नाही. जर्मनीतल्या 2007च्या कायद्याने पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे अशी मुदतीच्या करारावरील नेमणुकांची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे घातली. या असुरक्षिततेविरुद्ध 2021 मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी ‘इश बिन हाना’ (‘मी हाना आहे’) ही मोहीम चालवली. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या देशातली ही गत!

दुसरी चूक लेखांबाबत. प्रबंधाचे प्रकरण पंधरा-वीस हजार शब्दांचे असते, नियतकालिकाला हवे असतात आठ हजारांच्या आसपास. मग सगळीकडून थोडे थोडे छाटले जाते आणि उरतो तो ना धड प्रकरण, ना धड लेख. एकच दावा ठेवावा, पूर्वसंशोधनाचा आढावा दोन परिच्छेदांत उरकावा, बाकीचे बाजूला काढावे. तज्ज्ञ-परीक्षणाला सहा महिने ते वर्षही लागते, म्हणून पहिला लेख प्रबंधाआधीच रवाना झालेला बरा. आठवडाभरात ‘स्वीकृत’ म्हणून शुल्काची मागणी आली, तर ते नियतकालिक पैसे घेऊन काहीही छापणारे असू शकते, सावध व्हावे. आयएसएसएन असणे हा दर्जाचा पुरावा नव्हे. तो नियतकालिकाचा केवळ ओळख क्रमांक आहे.

विद्यापीठाबाहेरची कामे आहेत: अभिलेखागारे, संग्रहालये, कोशकार्य, संपादन, अनुवाद, धोरणविषयक संस्था, सॉफ्टवेअर कंपन्यांतले वापरकर्ता-संशोधन (वापरणाऱ्यांच्या गरजा व अडचणींचा अभ्यास). पण तिथे आठ पानी सीव्ही कोणी वाचत नाही. ‘स्थलांतरितांच्या स्मृती : एक चिकित्सक अभ्यास’ एवढ्यावरून निवड करणाऱ्याला काय कळणार? त्याच कामाबद्दल असे लिहून पाहा: ‘40 जणांच्या प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती घेतल्या, 80 तासांच्या ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन, सूची व वर्गवारी केली, संमतिपत्रे आणि गोपनीयता सांभाळली.’ मुलाखतींवर चालणाऱ्या कोणत्याही कामाला हेच कौशल्य लागते. प्रबंधाचे शीर्षक शिक्षणाच्या रकान्यात एका ओळीत पुरे. अशा अर्जावर नावाआधी ‘डॉ.’ लावण्याचा मोहही आवरावा. हा फार शिकलेला माणूस टिकणार नाही, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात त्या एका अक्षरानेच येते.

या वाटांनाही अटी आहेत. अभिलेखागारांत अनेकदा अभिलेख-व्यवस्थापनाची स्वतंत्र पदविका मागतात. जतन-संवर्धनाला रसायनशास्त्राची जाण लागते. संपादन आणि अनुवादात पदवीपेक्षा चाचणीला वजन असते. वेळ लावून दिलेल्या उताऱ्यात भले भले अडखळतात, कारण वर्षानुवर्षे तळटिपांसह लांबलचक वाक्ये लिहिण्याची सवय जडलेली असते. पदविका किंवा सराव, जे काही करायचे ते पीएच.डी.ची शिष्यवृत्ती चालू असतानाच करावे. ती थांबल्यावर शिकायला ना पैसा उरतो, ना उसंत.

विद्यापीठ विभागांनी एक गोष्ट करावी. गेल्या दहा वर्षांत तिथून पीएच.डी. झालेले आज कुठे, कोणत्या पदावर आणि कायम की करारावर काम करतात, याचा तक्ता प्रवेशाच्या अर्जासोबतच द्यावा. नावांची गरज नाही. ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही, त्यांचा आकडाही त्यातच छापावा.

– एक संशोधन-मार्गदर्शक