बाबा, अक्षरं सुटणार नाहीत

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईला बातमी सांगत होते, तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, "म्हणजे आता ही अक्षरं काढणार नाही का?" आईनं तुमच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि विषय तिथेच राहिला. तो प्रश्न चार दिवस माझ्या डोक्यातून गेलेला नाही. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं आई तिच्या शब्दांत सांगते, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा.

आधी बातमी नीट सांगते. आमच्याकडे भारतीय लिप्यांचे फॉन्ट करणारी जी टीम आहे, तिची मी १ तारखेपासून प्रमुख झाले. हुद्दा डिझाइन डायरेक्टर. हाताखाली नऊ माणसं. कुठलं काम घ्यायचं, कोणाला काय पगार द्यायचा, फॉन्ट पुरा झाला की नाही, हे आता माझ्या सहीनं ठरेल. पगार वाढलाय; आकडा समीर आईला सांगेल, मला लिहायला संकोच वाटतो.

बाबा, तुमची काळजी मला कळते. मिरजेच्या छापखान्यात तुम्हाला दोनदा फोरमन व्हा म्हणाले आणि दोन्ही वेळा तुम्ही नको म्हणालात. खणाखणांच्या केसपाशी उभं राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवल्याशिवाय तुम्हाला दिवस झाल्यासारखा वाटत नसे. शाळा सुटली की मी तिथेच यायचे. खिळे जुळवायच्या स्टिकमधली उलटी ओळ वाचायला मी तुमच्या शेजारी स्टुलावर उभी राहून शिकले. अजूनही एखाद्या अक्षराचा तोल तपासायचा असला की मी ते स्क्रीनवर आरशातल्यासारखं उलटं करून बघते. टीममधल्या मुलांना वाटतं, ही पवईला आयआयटीच्या डिझाइन शाळेत, आयडीसीत शिकलेली रीत. आयडीसीत मी पुष्कळ शिकले, पण हे मिरजेचं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर एक गोष्ट कबूल करावी लागेल. तीन वर्षांपूर्वी तुम्ही एक पावती हातात धरून मला फोन केला होता, आठवतं? 'दुसऱ्या हप्त्याची रक्कम' असं त्यावर हवं होतं. छापलेलं मात्र भलतंच होतं : 'दुस' नंतर पाय मोडलेला र आणि शेजारी सुटा पडलेला य. तुम्ही चिडून विचारलंत, "हे कोणी केलं गं? इतकं साधं कळत नाही?" मी गप्प बसले. बाबा, तो फॉन्ट आमचा होता. त्यातले निम्मे स्वर आणि क ते म माझ्या हातचे होते.

झालं असं. गिऱ्हाईक मोठं, मुदत तोंडाशी आलेली. बैठकीत ठरलं की देवनागरी एकच करायची, हिंदीला चालेल ती मराठीला चालेल. पाकळीचा ल, शेंडीफोड्या श आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र ही मराठी वळणं पुढच्या आवृत्तीत बघू. मी सांगून पाहिलं. म्हटलं, ल आणि श एक वेळ डोळ्यांना खुपतील पण वाचता येतील. अर्धा र ही हौस नव्हे. मराठीत दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. आचार्यांना बोलावणं वेगळं, आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. हा र फॉन्टमध्ये नसेल तर दुसऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांना, सगळे शब्द तुटतील. तुमच्या केसमध्ये त्याला स्वतःचा खण होता, हेही सांगितलं. माझं म्हणणं टिपून घेतलं गेलं आणि फॉन्ट त्याशिवाय बाहेर पडला. खोलीत पाच जण होते. मराठी वाचणारी मी एकटी, बाई मी एकटी, आणि सही करण्याचा अधिकार नसलेलीही मी एकटीच.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या गोष्टीवर विसंबून होतो. माझी समजूत अशी की काम उत्तम करत राहिलं की झालं. पण अक्षर कागदावर जितकं ठरतं तितकंच त्या खोलीत ठरतं. म्हणून बाबा, मी अक्षरं सोडून वर गेलेले नाही. सकाळचे दोन तास रेखाटायचेच, हे मी नेमणुकीच्या बोलण्यातच मागून घेतलं आहे. उरलेल्या वेळात इतरांची अक्षरं राखायची आहेत.

आई, आता तुला लिहिते. माझ्या ओवीच्या जन्माच्या वेळी तू गुडघे दुखत असताना आठ महिने आमच्याकडे राहिलीस. मी रजेवरून परत गेले तेव्हा माझं चालू काम दुसऱ्याला दिलेलं होतं, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी नवीन मुलाला. "तुझ्यावर ताण नको म्हणून," असं सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं. घरी येऊन मी रडले आणि तू म्हणालीस, "आज जेव, उद्या जाऊन माग." मी मागितलं. सगळं मिळालं नाही, पण त्या दिवसापासून मागायला लागले. तुझ्या त्या एका वाक्याचं माझ्यावर फार ऋण आहे.

माझ्या वर्गात अठ्ठावीस जणांत सतरा मुली होत्या. आज या धंद्यात त्यातल्या सहा उरल्यात. गेलेल्या अकरा कामात कच्च्या नव्हत्या. त्यातल्या दोघी तर माझ्याहून कितीतरी सरस होत्या. कोणाचं मूल लहान, कोणाच्या सासऱ्यांचं आजारपण, कोणाच्या नवऱ्याची बदली. त्यांनी "जाते" म्हटलं आणि समोरून कोणी "थांब, काहीतरी जुळवू" असं म्हटलं नाही. माझा पहिला लेखी नियम तोच आहे : रजेवर गेलेल्या माणसाचं काम त्याच्याच नावावर राहील, आणि परत आल्यावर ते कसं करायचं हे आधी त्यालाच विचारलं जाईल. आमच्यातली एक मुलगी डिसेंबरात बाळंतपणाला जाते आहे. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं, नक्की ना?

नावांचंही आहे. आई, तू बाइंडिंगचे फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापलेले मोठे कागद, घरी आणून दुमडायचीस. एक कागद, तीन घड्या, सोळा पानं. शेकड्यामागे पैसे मिळायचे. मी पुस्तकात तुझं नाव शोधायचे. लेखक असायचा, प्रकाशक असायचा, मुद्रक पत्त्यासकट असायचा, तू नसायचीस. तेव्हा वाटायचं आपल्याकडेच असं. तसं नाही. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड्सला मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना होता. तिथल्या रेखाटन विभागात बहुतेक बायका काम करायच्या. एकेक अक्षर दहा इंच उंच, पेन्सिलीनं काटेकोर काढायच्या. जगभरची पुस्तकं त्या अक्षरांत छापली गेली, आणि नावं लक्षात राहिली ती टाइपाची कल्पना मांडणाऱ्या पुरुषांची.

याच क्षेत्रात मला धीर देणारं नाव फिओना रॉस यांचं. भाषांचा अभ्यास करून त्या १९७८ साली लायनोटाइप या तशाच दुसऱ्या कंपनीत आल्या आणि पुढे लॅटिनेतर लिप्यांचा विभागच त्यांनी सांभाळला, बहुतेक बायकांच्याच टीमनिशी. कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेसाठी त्यांनी टिम हॉलोवे यांच्यासोबत बंगाली टाइप केला, तो १९८२ मध्ये तयार झाला. पुढे रीडिंग विद्यापीठात त्यांच्याच पुढाकारानं त्या कारखान्यांतल्या बायकांच्या कामाचा शोध घेणारा प्रकल्प झाला. हे मला मोठं वाटतं. स्वतः वर पोचल्यावर त्या मागे वळून नावं गोळा करत बसल्या. आणि आपल्याकडे 'मोदक' नावाचा तो गुबगुबीत फॉन्ट, जो ओवीच्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर होता, त्यावर सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे अशी दोन्ही नावं आहेत. असंच असायला हवं.

आमच्या नव्या देवनागरीची नमुनापुस्तिका दिवाळीनंतर निघेल. शेवटच्या पानावर रेखाटणाऱ्यांची, तांत्रिक काम करणाऱ्यांची, प्रुफं वाचणाऱ्यांची आणि पुस्तिका शिवणाऱ्या बाईंचीही नावं असतील. एक जण म्हणाला, शिलाईवाल्यांचं नाव कोण घालतं? मी म्हटलं, मी घालते.

आता काम. या पत्राबरोबर बारा पानी प्रूफ पाठवते आहे, दहा पॉइंटापासून चोवीसपर्यंत. ल पाकळीचा आहे, श शेंडीचा आहे, आणि चौथं पान पुरतं त्या अर्ध्या र साठी ठेवलंय. चष्मा नवा करून घ्या आणि मगच बसा. लाल पेनानं जिथे खटकेल तिथे खूण करा, मुलगी आहे म्हणून सोडू नका. ळ चा डावा वाटोळा भाग मला स्वतःला थोडा जड वाटतोय, तो आधी बघा. प्रूफ वाचणाऱ्याला आम्ही मानधन देतो. चेक तुमच्या नावानं येईल, तो परत पाठवायचा नाही. बँकेत भरायला आईला सोबत न्या.

ओवी हल्ली भिंतीवर अक्षरं काढते. तिचा ल अजून तीन पाकळ्यांचा येतो.

तुमची,
मनू