शिकागोहून बाबांना पत्र

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल येथील आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मेरी कसाट या अमेरिकन चित्रकर्तीची रंगीत छापचित्रे पाहिली. छापखान्यात वाढल्यामुळे चित्राच्या आधी माझे लक्ष गेले ते रंगावर रंग नेमका बसला आहे की नाही, याकडे.

१८९० साली पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. पॅरिसमध्येच राहणाऱ्या कसाटबाईंनी ते पाहिले आणि पुढच्याच वर्षी स्वतःच्या दहा छापचित्रांचा संच लोकांपुढे मांडला. त्या काळी जपानचे वेड पुष्कळांना होते, पण अनेकांची हौस पंखे आणि किमोनो रंगवण्यावरच भागत असे. बाईंनी जपान्यांची फक्त नजर उचलली. विषय आपल्या भोवतालच्या घरांतलेच ठेवले.

‘पत्र’ या चित्रापुढे मी बराच वेळ रेंगाळले. निळ्या नक्षीदार पोशाखातली एक बाई मेजाशी बसून, मान खाली घालून, पाकिटाची कड ओठांशी धरते आहे. चित्रात सावली म्हणून नाही. भिंतीच्या कागदावरची फुले आणि पोशाखावरची पाने जणू एकाच पातळीवर येऊन उभी राहतात. उतामारो या जपानी चित्रकाराने ओठांत कागद धरलेल्या बायका काढल्या होत्या, त्यांचीच ही बहीण वाटते.

गंमत अशी की, यात लाकूड मुळी नाहीच. जपानात रेखाटणारा, कोरणारा आणि छापणारा असे निरनिराळे कारागीर असत, रंगागणिक ठसा बदले आणि कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला खाच कोरलेली असे. कसाटबाईंनी मात्र तांब्याचे पत्रे घेतले, सुईने रेघा ओरखडल्या, आम्लाच्या साहाय्याने सपाट छटा आणल्या आणि एकाच पत्र्यावर निरनिराळे रंग हाताने भरून, लरॉय नावाच्या छपाईदाराच्या मदतीने प्रत्येक चित्राच्या २५ प्रती काढल्या. साहजिकच एक प्रत दुसरीसारखी हुबेहूब नाही. तुमच्याकडे असे कागद निघाले असते, तर तुम्ही ते रद्दीत टाकले असते!

सोबत त्या चित्राचे पोस्टकार्ड ठेवले आहे. ते ऑफसेटवर छापलेले असल्यामुळे भिंगाखाली रेघांऐवजी ठिपकेच दिसतील, त्याचा राग मानू नये.

आईस साष्टांग नमस्कार.

आपली,
सुमा